पुरात बुडालेल्या टगबोटीची मोटर

२२ जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर महाडमध्ये मोटर वाइंडिंगच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. पाण्याचे पंप, मिक्सर, घरघंट्या, टेबलफॅन, वॉशिंग मशीनच्या मोटरी आणि सगळ्यांचा रंग एकच, चिखलाचा. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. इथे तिला गांधारी आणि काळ येऊन मिळतात. खालून खाडीच्या भरतीचा दाब असला की हे सगळं पाणी गावात शिरतं. पाणी जातं, गाळ राहतो. तो इतका बारीक असतो की कागदही सरकणार नाही अशा फटीत जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो.

आमच्या तळमजल्यावरच्या काचेच्या कपाटात त्या दिवशी काकांची टगबोट होती. काका जहाजावर इंजिन विभागात होते. १९८० च्या दशकात त्यांचं जहाज हॅम्बुर्गला लागलं असताना त्यांनी ही रेडिओवर चालणारी बोट विकत घेतली आणि सुट्टीवर आल्यावर हातानं जोडली. लांबी सत्तर सेंटिमीटर, तळ प्लास्टिकचा, डेक प्लायचा, मागे सुकाणू आणि त्याच्या पुढे पितळेचा तीन पात्यांचा पंखा. बंदरात मोठाली जहाजं ओढणाऱ्या टगची ती प्रतिकृती. सावित्रीच्या खाडीतून एके काळी महाडपर्यंत व्यापारी होड्या येत, त्यामुळे आमच्या घरात बोटीचं कौतुक जरा जास्तच.

फोन लागायला लागल्यावर पोलादपूरहून काकांनी पहिल्यांदा माणसांची चौकशी केली आणि मग बोटीची. ‘‘आधी बॅटऱ्या काढ. मग गोड्या पाण्यानं धू. वाळू देऊ नकोस,’’ इतकंच ते म्हणाले. टँकरच्या पाण्याला गाव रांगेत उभं असताना त्यातलं एक बादलीभर पाणी बोटीसाठी वापरणं मनाला लागत होतं, पण ते वापरलं म्हणून पुढचं सगळं जमलं. तळ, डेक, पंखा, सुकाणू वाचले. गेली ती मोटर.

ती खरंच गेली आहे, हे ठरवणं हा कामाचा पहिला भाग, आणि तो घाईत उरकू नये. जुनी मोटर फिरत नाही म्हणून लगेच फेकणारे पुष्कळ. पण निम्म्या वेळा नुसते कार्बन अडकलेले असतात. या मोटरीच्या मागच्या झाकणाचे पत्र्याचे कान मुडपलेले होते. ते पातळ पेचकसानं सरळ केले की झाकण निघतं आणि त्याबरोबर दोन्ही कार्बन बाहेर येतात. एक कार्बन आपल्या खोबणीत गाळानं पक्का चिकटलेला होता. तो सोडवला, आर्मेचर बाहेर काढलं, कम्युटेटर काळाहिरवा झाला होता तो बारीक पॉलिश पेपरनं उजळला. कम्युटेटरला तीन पट्ट्या असतात. मल्टिमीटरच्या दोन टोच्या दोन-दोन पट्ट्यांना लावून तीन आकडे घ्यायचे. आतली तीन वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात, त्यामुळे सगळी शाबूत असतील तर तिन्ही आकडे सारखे येतात. इथे दोन जोड्यांत सारखा आकडा आणि तिसऱ्या जोडीत बरोबर त्याच्या दुप्पट. म्हणजे एक वेटोळं तुटलेलं. त्याच्या दोन टोकांना मीटर लावलं की प्रवाहाला सरळ वाट मिळत नाही, तो उरलेल्या दोन वेटोळ्यांतून वळसा घालून येतो, म्हणून दुप्पट.

वाइंडिंगच्या दुकानात ते आर्मेचर दाखवलं. पुरानंतर ज्यांनी अख्ख्या गावाचे पंप परत फिरते केले त्या हातांनी ते उजेडात धरून पाहिलं. ‘‘दादा, तार भरता येईल, पण बुशपण खाल्लंय. शाफ्ट बघा कसा खेळतोय. वाइंडिंग करून देईन आणि महिन्यात परत याल.’’ शाफ्ट बोटानं हलवला तर खरंच वरखाली होत होता.  पैसे घेऊन काम करून दिलं असतं तरी आम्ही काही बोललो नसतो. त्यांनी नको म्हणून सांगितलं.

मग नवी मोटर कोणती? इथे बहुतेक जण एकच चूक करतात. जुनी मोटर जेवढ्या आकाराची, तेवढ्या आकाराची पण ‘पॉवरफुल’ मोटर मागतात. या आकाराला बाजारात ५४० म्हणतात. व्यास ३६ मिलिमीटर, पुढच्या तोंडावर ३ मिलिमीटर स्क्रूची दोन भोकं एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर, शाफ्ट ३.१७ मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच. मापं सगळीकडे हीच. पण या एकाच डब्यात आतली तार वेगवेगळी असते. रेडिओवरच्या खेळण्यातल्या मोटारगाडीची ५४० मोटर ७.२ व्होल्टवर मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्याही वर जाते. गाडीत पुढे दातेरी चाकं असतात, ती हा वेग उतरवतात. टगमध्ये मध्ये काहीच नसतं. मोटर, कपलिंग, दांडा आणि थेट पाण्यातला पंखा.

काकांचं म्हणणं होतं, ‘‘पंखा आधी बघ, मोटर नंतर.’’ आयुष्यभर जहाजाच्या इंजिनाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचं हे बोलणं लहान बोटीलाही शब्दशः लागू आहे. पाण्यात पंखा फिरवायला लागणारं पिळाचं बल फेऱ्यांच्या वर्गानं वाढतं आणि ताकद घनानं. फेऱ्या दुप्पट केल्या तर बल चौपट लागतं, ताकद आठपट. आमचा पंखा ४५ मिलिमीटरचा. गाडीची मोटर त्याला जोडली तर ती आपल्या फेऱ्यांपर्यंत पोचणारच नाही. पंख्याशी झगडत वीस-वीस अँपिअर ओढेल, तापेल, आणि काही मिनिटांत नव्या मोटरीचीही जुनी मोटर होईल. मोठ्या पंख्याला हळू मोटर लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्टला सहा हजार फेऱ्यांची ५४० मोटर मिळाली. ती ७.२ व्होल्टवर चालवली की मोकळ्यावर साधारण साडेतीन हजार फेऱ्या. टगला तेवढ्या पुरतात. किंमतही गाडीच्या मोटरीपेक्षा कमी.

काम पोलादपूरला, काकांच्या पडवीत झालं. जुन्या मोटरीची प्लास्टिकची बैठक नव्या मोटरीला चालेना. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचा तुकडा आणला, त्याला मध्ये मोटरीच्या गळ्याचं भोक आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं पाडली. कपलिंगचा ग्रब स्क्रू नीट बसावा म्हणून मोटरीच्या गोल शाफ्टला एका बाजूनं कानशीनं थोडं सपाट करावं लागतं. हे करण्याआधी मोटर पिशवीत गुंडाळून फक्त शाफ्ट बाहेर ठेवायचा आणि डब्याच्या सगळ्या खिडक्यांवर चिकटपट्टी लावायची. आत लोहचुंबक आहे. लोखंडाचा कीस उडाला की सरळ आत जाऊन चिकटतो आणि पुन्हा निघत नाही.

त्याआधी दांड्याची नळी. पंख्याचा ४ मिलिमीटरचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो तो पितळी नळीतून. नळीच्या दोन्ही टोकांना बुश असतात आणि मध्ये ग्रीस भरलेलं. हे ग्रीसच पाणी अडवतं, दुसरं काही नाही. आमच्या नळीत चाळीस वर्षांचं ग्रीस आणि पुराचा गाळ यांचा घट्ट गोळा झाला होता. दांडा हळूहळू फिरवत बाहेर ओढला, नळीत पेट्रोल सोडून, सळईला फडकं गुंडाळून ती साफ केली. बुश सुदैवानं चांगले होते. दांड्यावर गंजाचे ठिपके होते ते बारीक पॉलिश पेपरनं गेले. नवं, पाण्यानं न सुटणारं ग्रीस भरलं. दांडा बोटानं टिचकी मारल्यावर गरगर फिरला पाहिजे. तो इथे अडत असेल तर कितीही चांगली मोटर लावून उपयोग नाही.

सगळ्या कामातली कसोटी म्हणजे मोटर आणि दांडा एका रेषेत आणणं. कपलिंगला सांधा असतो म्हणून थोडं वाकडं चालेल असं पुष्कळ जण समजतात. चालतं, पण आवाज करतं, बुश खातं आणि विनाकारण वीज पितं. काकांनी त्यावर सोपा उपाय केला. सांध्याच्या कपलिंगऐवजी आधी पितळेचा एक सरळ तुकडा घेतला, त्याला एका टोकानं मोटरीच्या शाफ्टच्या मापाचं आणि दुसऱ्या टोकानं दांड्याच्या मापाचं भोक मारून आणलं आणि त्यानं दोन्ही घट्ट जोडले. आता मोटर वाकडी बसूच शकत नाही, कारण दांडा तिला सरळ धरून आहे. मग मोटरीला हात न लावता कोनपट्टीखाली लाकडाच्या पातळ चिपा सरकवल्या आणि सगळं एपॉक्सीनं पक्कं केलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पितळेचा तुकडा काढून खरं कपलिंग बसवलं. बैठक जागची हलत नाही आणि रेष आपोआप बरोबर येते. गेली कित्येक वर्षं मी अशा जोडण्या नजरेच्या अंदाजानं होताना पाहिल्या आहेत. ही पद्धत त्या सगळ्यांहून चांगली.

विजेच्या बाजूला तीन सिरॅमिक कपॅसिटर मोटरीवरच डाग देऊन लावले. एक ०.१ मायक्रोफॅरडचा दोन टोकांमध्ये, आणि ०.०४७ चा एकेक प्रत्येक टोकापासून डब्यापर्यंत. कार्बनपाशी सतत ठिणग्या उडत असतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओत खरखर. डब्याच्या पत्र्यावर डाग धरत नाही, आधी तिथला मुलामा कानशीनं खरवडावा लागतो.

जुन्या बोटीत वेग कमीजास्त करायला एक सर्व्हो तारेच्या रोधावरून पट्टी सरकवत असे. हळू चालवलं की उरलेली वीज त्या तारेत नुसती उष्णता होऊन जाई. ते काढून आता इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर बसवला. जुना २७ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर पुरात गेलाच होता, त्यामुळे संच २.४ गिगाहर्ट्झचा घेतला. या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार तळात न ठेवता चिमणीच्या आत उभी, पाण्याच्या रेषेच्या वर नेली. जगात रेडिओनं चालवलेलं पहिलं वाहन बोटच होती. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती लोकांना दाखवली. तिच्यातही बॅटरी, पंख्याची मोटर आणि सुकाणूची मोटर हेच होतं. सव्वाशे वर्षांत मांडणी बदललेली नाही, भाग लहान झाले.

नवी बॅटरी जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा साधारण चारशे ग्रॅमनं हलकी. वजन कमी म्हणजे चांगलंच, असं टगच्या बाबतीत नाही. बोट वर उचलली गेली, पंख्याची पाती पाण्याबाहेर डोकावू लागली आणि बोट एका बाजूला कलायला लागली. नदीकाठच्या भोई मंडळींकडून पागाच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि तळात अगदी खाली, दोन्ही बाजूंना सारख्या बसवल्या. तळावर काकांनी पूर्वी रंगवलेली लाल रेषा पाण्याला टेकली तेव्हा गोळ्या चिकटवल्या.

पहिली चाचणी परसातल्या हौदात. बोटीच्या मागच्या खुंटाला दोरी आणि दोरीला ताणकाटा. बोट जागेवर बांधून पूर्ण वेगात पंखा फिरवला की मोटरीवर सगळ्यात जास्त भार येतो. मीटर पावणेदोन अँपिअरवर थांबला, ताणकाटा तीनशे ग्रॅमच्या वर गेला. पाच मिनिटांनी मोटरीला हात लावला, कोमट. हात टिकत नसेल तर पंखा मोठा आहे किंवा व्होल्ट जास्त आहेत, आणि तेव्हा नदीवर जायचंच नाही.

दिवाळीनंतर सावित्रीचं पाणी निवळलं, तेव्हा बोट पोलादपूरच्या बाजूच्या एका संथ डोहात सोडली. महाडजवळच्या पात्रात मगरी आहेत. तिथे बोट मध्येच बंद पडली तर आणायला पाण्यात उतरता येत नाही. तरी नाळेला गळाची नायलॉन दोरी बांधली होती. ती पुढेच बांधायची, मागे बांधली तर पंख्यात गुंडाळते. टग पाणी कापत निघाली, पंख्याच्या मागे पाणी उकळल्यासारखं फुगलं आणि आवाज जवळजवळ नव्हताच. काकांनी रिमोट हातात घेतला तो परत दिला नाही.

महाड-पोलादपूरकरांना पूर पुन्हा येणार नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून सांगतो: बुडालेल्या कोणत्याही यंत्राची आधी वीज तोडा, बॅटरी काढा, आणि गाळ वाळायच्या आत ते स्वच्छ पाण्यानं धुवा. आणि घरात अशी जुनी बोट असेल, तर मोटर मागवण्याआधी तिच्या पंख्याचा व्यास मोजून घ्या.