बारा दारं आणि आठवड्याची एक पेनी

नमस्कार मंडळी!

पॉडकास्टच्या सुरुवातीला आपण हे इतकं सहज म्हणून जातो की त्यातल्या ‘मंडळी’ या शब्दाकडे लक्षच जात नाही. मराठी ख्रिस्ती घरांत या शब्दाला आणखी एक नेमका अर्थ आहे. इमारत म्हणजे चर्च, धर्मगुरू म्हणजे पाळक आणि एकत्र येऊन उपासना करणारी माणसं म्हणजे मंडळी. आजचा प्रश्न या तिसऱ्या अर्थाबद्दल आहे. शंभर माणसं एका छताखाली बसली, गायली, चहा प्यायली, की त्यांची मंडळी होते का?

समजा, तुम्ही कुवेतमध्ये आहात आणि फरवानिया गव्हर्नरेटमधल्या रिग्गईत एका फ्लॅटमध्ये राहता. 2007 पासून तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची आहे आणि कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणून मुख्य उपासना बहुतेकांसाठी शुक्रवारी. तुम्ही दोन शुक्रवार गेलात, लोक छान बोलले. तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही तापाने अंथरुणात आहात. तुम्ही आला नाहीत, हे कुणाच्या लक्षात येईल? आणि त्याहून महत्त्वाचं, ते लक्षात येणं हे कुणाचं ठरलेलं काम आहे का?

‘कुणीतरी फोन करेलच’ हे उत्तर नव्हे. ‘अमुक एक जण करेल, कारण त्याच्या यादीत माझं नाव आहे’ हे उत्तर आहे. मेथडिस्ट परंपरेकडे हे उत्तर होतं, आणि गंमत म्हणजे ते कुठल्या मोठ्या धर्मचिंतनातून आलेलं नाही. ते आलं कर्जातून.

कर्ज फेडता फेडता

जॉन वेस्ली (1703–1791) हे चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या छोट्या गटाचा दिनक्रम इतका शिस्तीचा होता की इतर विद्यार्थी त्यांना चिडवायला ‘मेथडिस्ट’ म्हणायचे, म्हणजे सगळं पद्धतशीर करणारे. टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे 1739 मध्ये ब्रिस्टल शहरात त्यांच्या अनुयायांसाठी ‘न्यू रूम’ नावाची इमारत उभी राहिली, आणि इमारतीबरोबर कर्जही.

15 फेब्रुवारी 1742 ला हे कर्ज कसं फेडायचं यावर बैठक झाली. कॅप्टन फॉय नावाच्या सदस्याने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, आपल्यातल्या पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. त्यावर फॉय यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. ज्यांना देता येईल ते देतील, ज्यांना येणार नाही त्यांचे पैसे मी भरीन. मग इतरांनीही अकरा-अकरा शेजारी वाटून घेतले. बारा माणसांचा एक गट, त्यातला एक जण पुढारी. याचंच नाव पुढे ‘क्लास’ पडलं.

आता काय झालं बघा. पैसे गोळा करायला हा माणूस दर आठवड्याला अकरा दारं वाजवायला लागला. दार उघडलं की घर दिसतं. कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कुणाचा नवरा दारू पितोय, कुणी आजारी आहे, कुणाचं शेजाऱ्याशी भांडण झालंय. हे पुढारी जेव्हा अशा गोष्टी वेस्लींना सांगू लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या लोकांची काळजी घ्यायची वाट ते कधीपासून शोधत होते आणि ती ही आहे. काही काळाने दारोदार फिरण्याऐवजी बारा जण आठवड्यातून एकदा एकाच ठिकाणी बसू लागले. त्याला क्लास मीटिंग म्हणतात.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती क्रमाची. आपण समजतो की आधी मैत्री होते, मग येणं-जाणं सुरू होतं. इथं उलटं झालं. आधी येण्या-जाण्याचं काम नेमून दिलं गेलं, ओळख त्यातून झाली आणि सेवा त्या ओळखीतून. चर्चमध्ये ज्याला ‘सहभागिता’ किंवा सरळ ‘फेलोशिप’ म्हणतात, ती इथे भावनेवर सोडलेली नव्हती. तिला वार होता, वेळ होती आणि नावांची वही होती.

त्या तासात काय व्हायचं?

थोडी प्रार्थना, एखादं गीत, आणि मग पुढारी प्रत्येकाला विचारायचा: तुझ्या जिवाचं कसं काय चाललंय? व्याख्यान नाही, परीक्षा नाही. ज्याने-त्याने आपल्या आठवड्याबद्दल बोलायचं. 1743 मध्ये वेस्लींनी या गटांसाठी नियम छापले. त्यांचा गाभा तीन गोष्टींचा: कुणाचं वाईट करू नका, होईल तितकं भलं करा, उपासनेच्या रीती पाळा. भलं करण्यात भुकेल्याला जेवण, उघड्याला कपडा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट हे नावानिशी सांगितलेलं होतं.

पुढारी पाळक नसायचा. तो चांभार असे, विणकर असे, दुकानदार असे. कित्येक गटांच्या पुढारी बायका होत्या. 1746 मध्ये लंडनमध्ये वेस्लींनी वर्गणी काढून एक छोटा कर्जनिधी सुरू केला. गरजूला 20 शिलिंगांपर्यंत रक्कम मिळे आणि तीन महिन्यांत ती हप्त्याहप्त्याने परत करायची. तुमच्या आईने किंवा आजीने कधी भिशी लावली असेल तर हे तुम्हाला अजिबात परकं वाटणार नाही. भिशीतही पैसे हे निमित्त असतं. खरी गोष्ट ही की महिन्यातून एकदा कुणी आलं नाही तर ते कळतं. पंढरीच्या वाटेवर दिंडीतही तेच. सोबत कोण आहे हे माहीत असलेली माणसं.

ही युक्ती चर्चच्या बाहेरही गेली. 1834 मध्ये इंग्लंडमधल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं गेलं. त्यांच्यातले बहुतेक मेथडिस्ट होते आणि त्यांचे पुढारी जॉर्ज लव्हलेस हे मेथडिस्ट प्रवचनकार. त्यांच्या संघटनेची वर्गणी? आठवड्याला एक पेनी.

मुंबईतली घरं

ही पद्धत मराठी मुलखात पोचली ती 1871 च्या नोव्हेंबरात. विल्यम टेलर नावाचे अमेरिकन मेथडिस्ट प्रवचनकार मुंबईत आले. हे गृहस्थ त्याआधी कॅलिफोर्नियात रस्त्यावर उभं राहून प्रवचनं करत. मुंबईत त्यांनी आधी इमारत बांधली नाही. ज्यांना रस होता त्यांचे लहान लहान गट लोकांच्या घरांतच बसवले. 1872 च्या सुरुवातीला त्यातून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. टेलर यांचा आग्रह होता की इथलं काम इथल्याच लोकांच्या वर्गणीवर चालावं, परदेशी मिशनच्या पैशावर नाही. सुरुवातीचे सदस्य बरेचसे इंग्रजी बोलणारे होते, म्हणजे घरापासून लांब नोकरी करणारी माणसं आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं.

त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. ते 1848 पासून मुंबईत होते, मराठी शिकले होते, मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत राहत होते आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवत होते. आज गेटवेजवळचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं आहे.

तर मुंबईतली मेथडिस्ट मंडळी मुळात स्थलांतरितांच्या घरगुती गटांतून उभी राहिली. रिग्गईतल्या फ्लॅटमध्ये हे आठवायला हरकत नाही.

कुवेतचा हिशेब

कुवेतमध्ये मेथडिस्ट घरातला माणूस बहुधा इतर प्रोटेस्टंटांबरोबरच उपासनेला बसतो. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चची मुळंही सेवेतच आहेत. शेख मुबारक यांच्या काळात, 1910 च्या सुमारास, अरेबियन मिशनचे अमेरिकन डॉक्टर कुवेतमध्ये आले. 1912 मध्ये डॉ. एलेनर कॅल्व्हर्ली आल्या आणि बायकांवर उपचार करू लागल्या. 1920 च्या जहराच्या लढाईतले जखमी याच मिशनच्या दवाखान्यात आणले गेले. 1931 मध्ये तिथे चर्चची इमारत झाली. आज नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात अनेक देशांच्या, अनेक भाषांच्या मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात. जागा कमी आणि माणसं खूप, म्हणून बऱ्याच प्रार्थनासभा शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने घरांत होतात.

कुवेतमध्ये सुमारे 10 लाख भारतीय आहेत. त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली की पगार जातोच, पण देशात राहण्याचा आधारही जातो. आजारपण, मालकाशी वाद, गावाकडे कुणाचं निधन, किंवा इथेच कुणाचं निधन होऊन मृतदेह घरी पाठवायचा असणं: या प्रत्येक वेळी कागदपत्रं लागतात, पैसे लागतात, आणि सोबत धावपळ करणारं माणूस लागतं. 1990 मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतलं तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणलं गेलं. पण कुवेतपासून तिथपर्यंत पोचण्यासाठी बसगाड्यांची जुळवाजुळव तिथल्या भारतीय नागरिकांच्याच समितीने केली. अडचणीच्या दिवशी नवी ओळख करून घ्यायला वेळ नसतो. आधीपासून असलेल्या याद्याच कामाला येतात.

म्हणून म्हणतो, शुक्रवारची उपासना, वर्षातून दोन प्रीतिभोजनं आणि 250 जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप एवढ्याने भागत नाही. ग्रुपवर ‘गेट वेल सून’ची रांग लागते आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी डबा घेऊन गेलं असेल. बारा जणांत असं वाटायला जागा राहत नाही.

यादीची दुसरी बाजू

आता हे सगळं फार गोड वाटायच्या आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. जी वही काळजी घेते, तीच वही पाळतही ठेवते. वेस्लींच्या काळी दर तीन महिन्यांनी सदस्यांना तिकीट मिळे. ज्याचं वागणं पटलं नाही त्याचं तिकीट बंद. इतिहासकार ई. पी. थॉम्सन यांनी 1963 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मेथडिस्ट शिस्तीवर कडाडून टीका केली: या शिस्तीने कामगारांना गिरणीच्या शिस्तीसाठी तयार केलं, असा त्यांचा रोख होता. विशेष म्हणजे त्यांचे वडील स्वतः बंगालमध्ये मेथडिस्ट मिशनरी होते.

आपल्याला हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. परदेशातल्या छोट्या मराठी वर्तुळात ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाचं ‘लग्नाचं काय?’ मध्ये रूपांतर व्हायला दोन मिनिटं लागतात. कुणाची नोकरी गेली हे मदतीसाठी सांगितलं जातं आणि चहाच्या टेबलावर चघळलं जातं. तुमच्यापैकी कित्येक जण अशा मंडळींपासून लांब राहतात ते याच भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. काळजी आणि चौकशी यांत फरक एकच: ऐकलेलं गटाबाहेर जाणार नाही याची खात्री, आणि विचारणाराही आपलं सांगतो का हे.

दुसरा धोका, यादी बंद होण्याचा. आपली भाषा, आपलं गाव, कधी न बोलता आपली जात. यावरही त्या परंपरेत एक उत्तर सापडतं. 1785 मध्ये लंडनमध्ये जॉन गार्डनर या निवृत्त सैनिकाने ‘स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी’ सुरू केली, परक्यांच्या मित्रांची संस्था. पुन्हा तीच आठवड्याची वर्गणी, पण मदत कुणाला? शहरात ज्यांचं कुणी नाही अशा आजारी, गरीब माणसांना, मग ते कुठल्याही पंथाचे असोत. आपल्या यादीतल्या माणसांनी मिळून यादीबाहेरच्यांकडे जायचं.

कुवेतमध्ये यादीबाहेर कोण असतं? घरकाम करणाऱ्या बायका, उदाहरणार्थ. 2015 च्या 68 क्रमांकाच्या कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी दिली आहे. पण सुट्टी कागदावर असणं वेगळं आणि त्या दिवशी बाहेर पडून जाण्यासारखं एखादं घर असणं वेगळं.

मग तुम्ही काय कराल?

तुम्ही मेथडिस्ट असाल, दुसऱ्या पंथाचे असाल, महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाणारे असाल किंवा काहीच मानत नसाल. ही पद्धत कुणालाही वापरता येते. श्रद्धा वेस्लींची होती, पण दार वाजवायला ती एकच श्रद्धा लागते असं नाही.

गट बाराच्या आत ठेवा. दिवस आणि वेळ ठरवा, ‘भेटू कधीतरी’ नको. प्रत्येकाने थोडे पैसे काढा, अगदी पाव दिनार चालेल, आणि ज्याला जमत नाही त्याचे कुणीतरी गुपचूप भरा. एका माणसावर नावांची जबाबदारी द्या आणि दर काही महिन्यांनी ती बदला. दोन आठवडे जो दिसला नाही त्याला मेसेज नको, त्याच्या घरी जा. आणि एक जागा नेहमी अशा कुणासाठी मोकळी ठेवा, ज्याचं गाव, भाषा किंवा पगार तुमच्यासारखा नाही.

एकोणिसाव्या शतकात इमारती मोठ्या झाल्या, सदस्य सुखवस्तू झाले, आणि इंग्लंड-अमेरिकेत क्लास मीटिंग हळूहळू मागे पडली. कुणी ती बंद केली नाही. लोकांना फक्त वाटायला लागलं की आता तिची गरज नाही. नव्या देशात पहिल्या वर्षी आपल्याला गरज माहीत असते. पाचव्या वर्षी, गाडी आणि चांगला फ्लॅट आला की, विसरायला होतं. त्या वेळी नुकतंच कुणीतरी विमानतळावर उतरलेलं असतं.