काटा वर गेला, आवाज खाली आला

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत जागा बदलत बदलत तो चालू राहिला. त्यांची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. प्रकाशाच्या वेगाला तिने भागून बघा, सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज हौशी रेडिओवाल्यांचा जो ४० मीटर बँड आहे, त्याच्या बरोबर आत!

त्याच बँडवर आमच्या उरणातले एक परवानाधारक काका अजून एएमवर बोलतात. संच याएसू एफटी-१०१, म्हणजे १९७०च्या दशकातला. ड्रायव्हर आणि शेवटच्या टप्प्याला मिळून तीन व्हॉल्व्ह, बाकी ट्रान्झिस्टर. पुण्याचा त्यांचा मित्र म्हणायचा, "सिग्नल जोरात आहे, पण तुझं बोलणं कळत नाही." काकांनी मला बोलावलं. तिथे मी जी चूक केली ती तुम्हीही प्रयोगशाळेत कराल, म्हणून हे लिहितोय.

पहिल्याच संध्याकाळी मी तीन गोष्टी एकदम केल्या. खाऱ्या हवेने काळे पडलेले बँड स्विचचे संपर्क पुसले. ड्रायव्हर आणि शेवटच्या व्हॉल्व्हमधला गळका कपॅसिटर बदलला (तो गळला की पुढच्या ग्रिडवर धन व्होल्टेज जातं आणि व्हॉल्व्ह उगाच तापतो). शिवाय ट्रान्सफॉर्मर २२० च्या टॅपवर होता आणि घरात येत होते २४०. म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला जवळपास ६.९ मिळत होते. म्हणून वरचा टॅप जोडला. संच सुधारला, पण नेमका कशामुळे? मला सांगता येईना. वहीत एकही 'आधीचा' आकडा नव्हता.

आणि मग खरी चूक. मी कॅरिअर वाढवला. वॉटमीटरचा काटा २५ वरून ४० वर गेला आणि आम्ही दोघं खूश. पुण्याहून उत्तर आलं, "आता आणखी वाईट."

इथे थोडं गणित करू. एएममध्ये कॅरिअर काहीच बोलत नाही, बोलणं सगळं दोन साइडबँडमध्ये असतं. मॉड्युलेशनची खोली m धरली, तर साइडबँडची एकूण शक्ती = कॅरिअर × m²/२. २५ वॉट आणि १०० टक्के मॉड्युलेशन असेल तर १२.५ वॉट. १०० टक्क्याला शिखरावर व्होल्टेज दुप्पट, म्हणून शक्ती चौपट, म्हणजे १०० वॉट. या संचाचं शेवटचं व्हॉल्व्ह-जोडपं साधारण तेवढंच सरळ रेषेत देतं, असं धरा.

आता कॅरिअर ४० वॉट करा. शिखर १०० वरच अडलंय. व्होल्टेजचं गुणोत्तर √(१००/४०), म्हणजे १.५८. म्हणून आवाज न बिघडवता m जास्तीत जास्त ०.५८, आणि साइडबँडला उरतात ६.७ वॉट. काटा दीडपटीहून वर, बोलणं जवळजवळ निम्मं! माइक वाढवला तर शिखरं सपाट होतात, आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्याला त्रास होतो तो वेगळाच. कंपनीने एसएसबीला २६० वॉट इनपुट आणि एएमला फक्त ८० का लिहिलं, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला कंजूसपणा समजत होतो. त्यात एएमचा कॅरिअर तुम्ही गप्प असलात तरी चालूच असतो, व्हॉल्व्हना उसंत नाही.

वॉटमीटर खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

मग ५० ओहमचा डमी लोड लावला, त्यावर ऑसिलोस्कोप. (डमी लोड यासाठी की चाचणीचा गोंगाट हवेत जाऊ नये. आणि आत ६०० व्होल्टच्या आसपास असतात: प्लग काढूनही कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने तपासल्याशिवाय हात घालायचा नाही. यात घाई करणाऱ्याला मी मदतीला घेत नाही.) २५ वॉटला कॅरिअरचं शिखर ५० व्होल्ट, बोलताना लहर शून्याजवळून १०० पर्यंत जायला हवी. ४० वॉटला ती ६३ वरून सुरू झाली आणि १०० ला जाऊन चक्क कापली गेली. m काढायचं सूत्र सोपं आहे: कमाल वजा किमान, भागिले कमाल अधिक किमान. शिखरं कापली गेली की हे सूत्र लावू नका, आधी चित्र बघा.

राहिला प्रश्न पुण्याच्या मित्राचा. ६.७ ते १२.५ म्हणजे जेमतेम पावणेतीन डेसिबल. शॉर्टवेव्हवर सिग्नल मिनिटामिनिटाला त्याहून जास्त वरखाली होतो. त्यामुळे "आज बरं ऐकू आलं" याला पुरावा म्हणता येत नाही. म्हणून काका लगोलग आलटून पालटून दोन्ही सेटिंगवर तेच वाक्य बोलले, क्रम नाणं उडवून ठरवला, मित्राला काहीच सांगितलं नाही. त्याने फक्त 'पहिलं' की 'दुसरं' ते लिहायचं. एकदोनदा तो चुकला, बाकी वेळी त्याने २५ वॉटचंच बोलणं निवडलं.

काकांनी पॅनेलवर कॅरिअरच्या खुंटीपाशी पेन्सिलने खूण करून ठेवली आहे. काटा २५ वर बघून त्यांना अजूनही चुकल्यासारखं वाटतं, असं ते म्हणतात.