पांढरं जाणं, दही आणि एक कामाचा जीवाणू

चिखली-मेहकरकडं "अंगावरून पांढरं जातंय" हे बाया अजून दबक्या आवाजातच सांगतात. म्हणून इथं मोठ्यानं लिहितेय. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांचा अभ्यास केला. 1989 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्के जणींची!

योनीत लॅक्टोबॅसिलस जीवाणू मुळातच असतात. ते लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे उपद्रवी जीवाणूंना थारा मिळत नाही. ते घटले की पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास. हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. मेट्रोनिडाझोलनं बरा होतो, पण पुष्कळदा उलटतो.

मग चांगले जीवाणूच परत पेरले तर? अमेरिकेतल्या एका चाचणीत (निष्कर्ष 2020 चे) मेट्रोनिडाझोलनंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस योनीत दिला. 12 आठवड्यांत 30 टक्के जणींचा आजार उलटला. नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांत 45 टक्के. जादू नाही, पण फरक आहे. दुकानातल्या प्रत्येक प्रोबायोटिक गोळीला मात्र हा आकडा लागू नाही.

आणि दही? खुशाल खा, आत लावू नका. त्यातले जीवाणू वेगळे. साबण, डेटॉलनं आतून धुणंही बंद. खाज आणि चोथ्यासारखा स्राव असेल तर बहुधा बुरशी, तिचं औषध निराळं. गरोदर असाल, ओटीपोट दुखत असेल, ताप असेल तर आशाताईंना सांगून थेट दवाखाना गाठा.