तळ्याचा हिशेब

'ऑपरेशनल रिसर्च' हें नांव जितकें बोजड, तितकी त्यामागील कल्पना साधी आहे. चालू असलेलें काम जागेवर जाऊन पाहावयाचें, मोजावयाचें, आणि मग तें याहून बरें कसें होईल हें ठरवावयाचें. या शास्त्राचा उदय दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतला. १९४१ च्या सुमारास ब्रिटिश विमानांतून टाकलेले पाणबुडीविरोधी बाँब पाण्याखालीं १०० फुटांवर फुटावेत अशी योजना होती. शास्त्रज्ञांनीं हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां दिसून आलें कीं, इतकी खोल गेलेली पाणबुडी मुळीं हातींच लागत नाहीं. सांपडते ती पृष्ठभागाजवळची. खोली २५ फुटांपर्यंत आणल्यावर यश पुष्कळ वाढलें. बाँब तेच होते; बदलला तो हिशेब.

परंतु युद्धांत उद्दिष्ट एकच असतें. गांवांत तसें नसतें, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

गोंदिया जिल्हा तळ्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील कित्येक तळीं कोहळी लोकांनीं भातासाठीं बांधलीं. नवेगांव बांध हें त्यांतलें सर्वांना ठाऊक असलेलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तळीं सरकारकडे आलीं. आतां शेतकऱ्यास तळ्याचें पाणी धानाच्या शेवटच्या ओलितास हवें असतें. ढीवरास तेंच पाणी माशांसाठीं तळ्यांत उरावयास हवें असतें. 'उत्तम उपयोग' म्हणावें तरी कोणाचा? ओलिताचे एकर आणि सोडलेलें मत्स्यबीज एवढेंच मोजलें, तर तळ्यांतून नाहींशा झालेल्या गांवठी माशांना रकानाच उरत नाहीं.

मनीष राजनकर यांच्या 'फीड' या संस्थेनें ढीवर स्त्रीपुरुषांबरोबर केलेलें काम मला या दृष्टीनें फार महत्त्वाचें वाटतें. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतींत राहतो, हें वृद्ध ढीवरांस माहीत होतें. त्या माहितीच्या आधारें बेशरमीचीं झुडपें उपटलीं, उन्हाळ्यांत तळ्याचा तळ नांगरला आणि पावसाळ्यांत देशी पाणवनस्पति लावल्या. तेथें गांवठी मासे पुन्हां दिसूं लागले. प्रश्न ढीवरांचा, मोजणीही त्यांचीच; शिकलेल्यांनीं हातभार लावला.

अमेरिकेंतही असेंच घडलें. फिलाडेल्फियांतील मँटुआ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीनें काय करावयाचें तें स्वतः ठरविलें, आणि रसेल अॅकॉफ यांनीं विद्यापीठाचें साहाय्य त्यामागें उभें केलें. १९७० मध्यें त्यांनीं या अनुभवावर लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यांत संशोधक वस्ती आहे आणि अभ्यासविषय विद्यापीठ!

याचा अर्थ शेतकरी व ढीवर यांचा वाद मिटला, असा मात्र नाहीं. शास्त्र तो मिटवीतही नाहीं. तळ्यांत खुणांचा एक खांब रोवावा, पाणी किती उतरलें तें दर आठवड्यास दोघांनीं मिळून पाहावें आणि एकाच वहींत लिहावें, इतकें तें सुचवूं शकतें. ती वही कोणाच्या घरीं ठेवावयाची, हें मात्र गांवानेंच ठरवावयाचें आहे.