सांडलं तर सांडू द्या

मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, असा आपल्याकडचा जुना संकेत. मुलगा सहाव्या नाही तर आठव्या महिन्यात, मुलगी पाचव्या नाही तर सातव्या महिन्यात मामाच्या मांडीवर बसते आणि खिरीचं बोट चाटते. गंमत अशी की या हिशेबात मुलींचा सातवा महिना आजच्या वैद्यकाशी नेमका जुळतो. सातवा लागला म्हणजे सहा पूर्ण झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स हेच सांगतात: सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं खाणं. मुलांचा सहावा या मोजणीत महिनाभर आधी येतो आणि आठवा महिनाभर उशिरा.

उष्टावणाचा फोटो निघतो, पाहुणे जातात, आणि खरा वाद पुढच्या आठवड्यात सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतलं घर असो की गारखेड्यातला फ्लॅट, बाळ आजोबांच्या ताटावर झेप घेतं आणि भाकरीचा तुकडा मुठीत पकडून तोंडाकडे नेतं. आई म्हणते, खाऊ द्या तिला तिच्या हातानं. आजी म्हणते, अगं, अडकेल घशात! दोघींच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे. मात्र त्या खऱ्याभोवती गैरसमजांचा मोठा गुंता झाला आहे.

“हे मोबाइलवरचं नवं खूळ आहे”

नाव नवं आहे, हे कबूल. बाळाला त्याच्या हातानं खाऊ देण्यासाठी ‘बेबी-लेड वीनिंग’ हा शब्द गिल रॅपली या ब्रिटिश आरोग्यसेविकेमुळे रूढ झाला. तिचं पुस्तक २००८ साली आलं आणि पुढे समाजमाध्यमांनी ते घरोघर पोचवलं. पण वरणात भिजवलेला भाकरीचा पापुद्रा रांगत्या पोराच्या हातात देणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

यावर प्रयोगही जुना आहे. १९२६पासून पुढे काही वर्षं अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतं दूध सुटलेल्या १५ बाळांसमोर साधे, मीठ-साखर न घातलेले ३०हून अधिक पदार्थ मांडले. धान्यं, भाज्या, फळं, अंडी, मांस, दूध सगळं होतं. परिचारिकांनी काही सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही; बाळ जे मागेल तेच पुढे करायचं. प्रत्येक बाळाची निवड वेगळी, दर दिवसाची वेगळी, तरी सगळी धडधाकट वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्या ताटात कॉड माशाचं तेल ठेवलं, तर तेही ते आपणहून प्यायलं आणि बरं झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं.

ही गोष्ट सांगणारे बरेचजण तिचा अर्धा भाग गाळतात. त्या ताटात बिस्किट नव्हतं, साखर नव्हती, मैदा नव्हता. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं होतं की खरी मेख पदार्थांच्या यादीतच होती. थोडक्यात, काय वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे बाळानं.

“दात आल्याशिवाय चावणार कशानं?”

हिरड्यांनी. पुढचे दात तोडायला असतात, चावायच्या दाढा वर्षानंतर येतात. दाढांची वाट बघायची तर दीड वर्ष मिक्सरच चालवावा लागेल, आणि पुष्कळ घरांत तो चालतोही. भात, डाळ, भाजी सगळं एकत्र फिरवून रोज तीच गुळगुळीत लापशी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांना नऊ-दहा महिने उलटून गेल्यावर पहिल्यांदा गाठी-कणी असलेलं अन्न मिळालं, त्यांचे खाण्याचे नखरे पुढे जास्त आढळले. सातव्या वर्षीदेखील ती मुलं फळं-भाज्या कमी खात होती.

शिजवलेलं रताळं, गाजर, भोपळा, दुधी दोन बोटांत सहज चिरडला जात असेल तर हिरड्यांनाही जमतो. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ सगळ्या मुठीनं पकडतं, म्हणून तुकडा बोटाएवढा लांब हवा. मुठीच्या वर थोडा उरला पाहिजे. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लशीच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमट जमायला लागते. मग मऊ वाटाणा, चपातीचा कपटा, कुस्करलेला राजमा एकेक करून उचलण्यात अर्धा तास जातो. हा वेळ फुकट जातो असं घरच्यांना वाटतं. बाळाचा मात्र तो डोळा, हात आणि जबडा एकत्र चालवण्याचा सराव असतो.

सुरुवात कधी करायची हे महिन्यांइतकंच बाळ सांगतं. आधार दिल्यावर ताठ बसतं का, मान सावरतं का, जीभ घास बाहेर ढकलायची थांबली का? मान डुलत असेल तर थोडं थांबावं, मग ताई-दादाचं उष्टावण कितव्या दिवशी झालं होतं याला काही अर्थ नाही.

“घशात अडकेल”

आजीची ही भीती सगळ्यांत खरी आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवं.

बाळ खाताना दोन गोष्टी होऊ शकतात आणि घाबरलेल्या घराला त्या एकच वाटतात. पहिली उबळ. बाळ ओकारी आल्यासारखं करतं, तोंड लाल होतं, खोकतं, आवाज करतं, घास पुढे येतो आणि ते पुन्हा खायला लागतं. लहान बाळात उबळ आणणारी जागा जिभेवर मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते, त्यामुळे घास श्वासनलिकेच्या जवळ जाण्याआधीच शरीर तो परतवतं. ही राखण आहे. दुसरी गोष्ट म्हणजे श्वास अडकणं, आणि ते बहुधा गुपचूप होतं. आवाज फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळसर होतात. घरात गोंधळ उबळीला होतो. धोका शांततेत असतो.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं यावर २०६ कुटुंबांची चाचणी घेतली. निम्म्या बाळांना हातानं खाऊ दिलं, पण आधी पालकांना कोणते पदार्थ टाळायचे आणि कसे चिरायचे हे शिकवलं. निम्मी बाळं नेहमीसारखी चमच्यानं. सहाव्या महिन्यात हातानं खाणाऱ्यांना उबळ जास्त वेळा आली, आठव्या महिन्यात उलट कमी. श्वास अडकण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. मात्र दोन्ही गटांतल्या पुष्कळ बाळांना घरच्यांनी धोक्याचे पदार्थ दिलेच होते. म्हणजे चमचा हातात आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची धोक्याची यादी निराळी आहे. भारतात मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टर जे काढतात त्यात शेंगदाणा वरच्या क्रमांकावर असतो. फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, कच्च्या गाजराचा किंवा सफरचंदाचा कडक तुकडा, सुपारी, डाळिंबाचे दाणे, आणि मोसमात दौलताबादकडून येणाऱ्या सीताफळाच्या बिया. सीताफळ मऊ म्हणून बाळाला हमखास दिलं जातं. गर काढून, प्रत्येक बी हातानं तपासून द्यावं. द्राक्ष उभं चिरून चार फाका कराव्यात. अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, कूट चालेल. बाळानं बसूनच खावं, रांगत किंवा आडवं पडून नाही, आणि कोणीतरी समोर असावं. समोर म्हणजे समोर. ओट्याकडे तोंड करून नव्हे.

श्वास अडकलाच तर तोंडात आंधळेपणानं बोट घालू नये, घास आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. घास निघेपर्यंत हे आळीपाळीनं. दुसऱ्यानं तोवर १०८ला फोन लावायचा. घरातल्या प्रत्येकानं हे शिकून घ्यावं, सांभाळायला येणाऱ्या मावशींनीही.

“डाळीचं पाणी हलकं, पचायला बरं”

घशाच्या भीतीपेक्षा मराठवाड्यातल्या बाळांचं नुकसान या हलकेपणानं जास्त केलं आहे.

२००२च्या सुमारास औरंगाबादचे (आजचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकारानं मराठवाड्यात बालकुपोषणाविरुद्ध काम सुरू झालं. आरोग्य खातं आणि अंगणवाडीचं खातं एकमेकांशी बोलू लागलं, बाळांची वजनं खरी नोंदली जाऊ लागली. त्यातूनच २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. राज्य पातळीवरचं देशातलं असं पहिलं मिशन, आणि त्याचं मुख्यालय मुंबईत नव्हे, याच शहरात होतं. पुढे त्याचा रोख पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भारपण आणि बाळाची पहिली दोन वर्षं यांवर आला. २००५-०६ ते २०१२ या काळात महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांपर्यंत उतरलं. त्याचं श्रेय एकट्या मिशनचं नाही, पण घसरण मोठी होती.

याच २०१२च्या राज्यव्यापी पाहणीत एक आकडा मात्र लाजिरवाणा निघाला. सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम सात जणांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळत होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीतही देशभराचा आकडा ११ टक्क्यांच्या आसपासच राहिला. गरिबी हे कारण आहेच. पण बंगल्यातलं बाळही डाळीच्या पाण्यावर असतं, हे विसरून चालणार नाही.

हिशेब साधा आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाव्यतिरिक्त त्याला रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. वरणाचं निवळ पाणी आईच्या दुधापेक्षाही पातळ. त्यानं पोट फुगतं, भूक मरते आणि जोर मिळत नाही. घास चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतका घट्ट असावा: गुरगुट्या भात, खाली बसलेली घट्ट डाळ, वर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेली भाजी.

हातानं खाण्याच्या नव्या चाहत्यांचीही चूक इथेच होते. काकडीची फोड आणि वाफवलेलं सफरचंद फोटोत छान दिसतं, बाळ चोखतही बसतं. त्यात लोह नाही आणि कॅलरीही नाममात्र. जन्मतःचा लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरतो, आईच्या दुधात लोह थोडंच असतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आढळली आहेत. न्यूझीलंडच्या त्या चाचणीतही पालकांना दर जेवणात एक लोहयुक्त आणि एक कॅलरीयुक्त पदार्थ द्यायला सांगितलं होतं. आपल्या ताटात त्याचा अर्थ घट्ट डाळ, उसळ, अंडं, घरात चालत असेल तर मऊ शिजवलेली कलेजी किंवा खिमा, आणि लोह अंगी लागावं म्हणून पैठणच्या मोसंबीची फोड, बिया आणि पापुद्रा काढून. आशाताई देतात ती लोहाच्या औषधाची बाटलीही सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा, एकेक मिली द्यायची असते. फ्रिजवर ठेवायची नसते.

अंडं, मध, मीठ

अंडं आणि शेंगदाण्याचा कूट “उष्ण” म्हणून वर्षभर लांब ठेवण्याची गरज नाही. लंडनमधल्या ६४० बाळांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले: ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केल्यावर त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, एवढंच. मध मात्र वर्षापर्यंत अजिबात नको, गुटीतूनही नको; त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंशी बाळाचं आतडं झुंजू शकत नाही. मीठ-साखर वर्षभर न घातल्यानं बाळाचं काही अडत नाही. अळणी आपल्याला लागतं, त्याला नाही. आणि चहात बुडवलेलं बिस्किट? चहातलं टॅनिन लोहच अडवतं.

“भरवलं नाही तर उपाशी राहील”

मोबाइलवर गाणं लावायचं, तोंड उघडलं की चमचा आत. वाटी रिकामी होते, आईला हायसं वाटतं. बाळाला मात्र पोट भरल्याचं कळत नाही, कारण त्याचं लक्षच तिथे नसतं. तोंड फिरवणं, ओठ मिटणं, ताटाशी खेळणं ही त्याची भाषा आहे.

म्हणून चमचा फेकून द्यायचा का? तसंही नाही. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा नुकतंच जुलाब-न्यूमोनियातून उठलेलं बाळ केवळ स्वतःच्या हातावर सोडणं धोक्याचं. बहुतेक घरांना मधला रस्ता मानवतो: समोर ताटलीत बोटाएवढे तुकडे, बाजूला घट्ट भाताची वाटी, एक चमचा आईच्या हातात, एक बाळाच्या. दोघांचेही हात साबणानं धुतलेले. खाली जुनी चादर, कारण निम्मं सांडणार. दूध चालूच, वरचं खाणं सुरू झालं म्हणून अंगावरचं तोडायचं नसतं, ते दोन वर्षं आणि पुढेही चालतं.

सांडलेलं वजा जाता पोटात किती गेलं, याचा अंदाज चादर बघून लागत नाही. अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर लागतो. दर महिन्याला वजन करावं आणि तक्त्यावरची रेघ बघावी. ती वर चढत असेल तर आजीनंही थोडा दम धरावा. लागोपाठ दोन महिने सपाट दिसली तर आईनं चमच्याचे घास वाढवावेत, घास आणखी घट्ट करावेत आणि बाळाला डॉक्टरांकडे दाखवून आणावं.