शिकण्याच्या वाटा (भाग 9) : गाव रिकामे होते, तेव्हा शाळेचे काय?

मागच्या भागात आपण रामल्लाच्या तामेर संस्थेविषयी वाचले. 1987 च्या पॅलेस्टिनी उठावानंतर वेस्ट बँकेतल्या शाळा इस्रायली लष्कराने दीर्घकाळ बंद ठेवल्या. तेव्हा वस्त्यावस्त्यांतून, घरांच्या ओसरीवर आणि मशिदींमध्ये वर्ग भरू लागले. त्याच धामधुमीत, 1989 मध्ये, तामेर उभी राहिली आणि पुस्तके घेऊन मुलांपर्यंत गेली. ते वाचताना बीड जिल्ह्यातल्या माणसाला आपले गाव आठवल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच, की तिथे शाळेला कुलूप लागले होते. इथे शाळा उघडी असते, गुरुजी हजर असतात आणि मुलेच निघून जातात.

बीडमधला पाटोदा हा बालाघाटाच्या डोंगरावरचा तालुका. मांजरा नदी इथल्याच गवळवाडीजवळ उगम पावते, पण तिच्या पाण्याचा खरा लाभ खालच्या भागाला. इथली जमीन हलकी आणि शेती पावसावरची. अलीकडे दसऱ्याला सावरगाव घाटावर मोठा मेळावा भरतो. तो पांगला की गावोगावच्या ऊसतोड टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घरात आलेली असते आणि बहुतेकदा आजारपणात, लग्नात किंवा जुन्या देण्यात संपलेलीही असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे झोपडीचे, साहित्य, ज्वारीचे पोते, भांडी, शेळी, कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली पोरे. तिथून सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटक.

फडावर दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. आई-बाप ऊस तोडायला गेले की दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत उरते. तान्ह्या भावाला सांभाळायचे, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या. तिच्यापेक्षा थोडा मोठा भाऊ वाढे बांधतो, मोळ्या उचलू लागतो. गाव सोडताना शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलेले असते. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. पण फड आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. कार्ड पिशवीतच राहते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, कुटुंब गावी परतते तोवर वर्ष संपत आलेले असते. हजेरीपटावर नाव असते, पुढच्या वर्गात बढतीही मिळते, आणि सहावीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही. याला शिक्षण म्हणणे मला मान्य नाही.

या प्रश्नावर पहिला मोठा प्रयत्न साखरशाळांचा. संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर वर्ग चालवले. म्हणजे तामेरसारखेच, मूल जिथे तिथे शाळा. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला, मुलांना नियमित शाळेतच घालायचे ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना गावातच ठेवायचे, शाळा व्यवस्थापन समितीने दोन वेळचे जेवण द्यायचे. मूल शाळेत जेवते आणि रात्री बहुधा आजीजवळ झोपते. कल्पना चोख आहे. तिचा जीव मात्र तारखेत आहे. मंजुरी दिवाळीनंतर आली तर जेवायला मुलेच नसतात, ती ट्रॉलीत बसून गेलेली असतात.

म्हणूनच मला वर्षभर मूल सांभाळणाऱ्या संस्था जास्त मोलाच्या वाटतात. शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली शांतिवन सुरू केले. प्रेरणा बाबा आमट्यांची आणि मुले ऊसतोड कामगारांची. तिथे शाळा आणि निवास एकत्र आहेत, आणि दहावीशी हात झटकले जात नाहीत. शांतिवनात वाढलेली मुले पुढे डॉक्टर झाली आहेत. आष्टी तालुक्यातल्या पाटसऱ्याचे संतोष गर्जे स्वतः ऊसतोड कुटुंबातले. त्यांनी गेवराईला अनाथ मुलांसाठी बालग्राम उभारले, तेही पत्र्याच्या शेडपासून. दोन्ही ठिकाणची पहिली गरज एकच होती : मुलाला भाकर आणि अंथरूण. फळा-खडू त्यानंतरचे.

मुलींच्या बाबतीत ही गरज आणखी निकडीची आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचे प्रमाण त्याच्या निम्मे, 21.9 टक्के. वयात आलेली मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न खोटा नाही. फडावरही ती सुरक्षित नाही. मग लग्न उरकले जाते आणि नव्या जोडप्याचा नवा कोयता तयार होतो. आठवी संपल्यावर हंगामी वसतिगृहाचे दार बंद होते, ते नेमके याच वयात.

राज्य सरकारने जून 2021 मध्ये संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. 41 तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी 82 वसतिगृहे, प्रत्येकी शंभर मुलांसाठी. शेत विकावे लागले तरी चालेल पण लेकरे शिकवा, असे सांगणारे भगवानबाबा याच पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचे, आणि पहिल्या टप्प्याच्या यादीत पाटोदाही आहे. पण तालुक्याला दोनशे जागा म्हणजे सुरुवातच. संस्थांचे काम त्यामुळे संपत नाही.

पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर भागातल्या वाचकांना एक विनंती. पोळा झाला की आपल्या गावच्या शाळेत जा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी झाली का, वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, हे मुख्याध्यापकांना विचारा. आणि आठवीच्या पुढच्या मुलींची नावे वेगळी लिहून घ्या, कारण त्या यादीत त्या नसतात.