श्वानाचें थकलेलें हृदय

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरचा सात वर्षांचा डोबरमन 'खंड्या' जिना चढतां चढतां मध्येंच बसूं लागला. उन्हाचा ताप, वाढतें वय, नातवंडांनीं चोरून भरविलेली पुरणपोळी, अशी नाना कारणें काढून आम्हीं तिकडे कानाडोळा केला. पुढें तो रात्रीं खोकूं लागला आणि एके दिवशीं अंगणांत मूर्च्छा येऊन पडला, तेव्हां कोठें आम्हीं पशुवैद्यांकडे धांव घेतली. हृदयाचा स्नायु दुबळा होऊन त्याच्या पोकळ्या विस्तारल्या आहेत, असें तपासणींत निघालें.

असा स्नायु रक्त पुरेसें पुढें ढकलूं शकत नाहीं. तें मागें तुंबून फुप्फुसांत पाणी साचतें. डोबरमन, ग्रेट डेन अशा थोर अंगाच्या जातींत हा दोष बहुधा कुळांतूनच येतो. डोबरमनांत तर अकस्मात् मृत्यु हेंच पहिलें लक्षण ठरूं शकतें.

दुसरें कारण अन्नांत असतें, आणि तें आमच्यासारख्या शाकाहारी घरांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. टॉरीन नांवाचें द्रव्य 1827 सालीं बैलाच्या पित्तांत सांपडलें. लॅटिन भाषेंत बैलास 'टॉरस' म्हणतात. (व्युत्पत्ति सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं!) तें मांसांत असतें, धान्यांत व डाळींत जवळजवळ नसतेंच. श्वानाचें शरीर तें प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांपासून घडवितें. ते घटक अपुरे पडले तर कित्येकांचें हृदय खचतें. यास्तव श्वानास केवळ वरणभातावर ठेवूं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें 2018 सालीं वाटाणे, मसूर इत्यादि भरपूर असलेल्या धान्यरहित खाद्यांविषयीं सावध केलें. कार्यकारणभाव मात्र अद्यापि सिद्ध झालेला नाहीं.

टॉरीनच्या अभावानें झालेला विकार वेळीं ओळखल्यास आहार बदलून व टॉरीन देऊन पुष्कळदां सुधारतो. कुळांतून आलेला बरा होत नाहीं. तेथें पिमोबेंडन हृदयास बळ देतें, फ्युरोसेमाइड साचलेलें पाणी काढतें. 2012 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, बाह्य लक्षणें दिसण्यापूर्वींच पिमोबेंडन सुरू केलेल्या डोबरमनांत हृदय निकामी होणें वा अकस्मात् मृत्यु हा प्रसंग मध्यमानानें 718 दिवसांनीं आला, इतरांत 441 दिवसांनीं. हे आंकडे वाचतांना जिन्यावर बसलेला खंड्या आमच्या डोळ्यांपुढें येतो.

श्वान गाढ झोंपला असतां त्याचे श्वास मोजावे. मिनिटास तिसांहून अधिक वारंवार भरूं लागल्यास पशुवैद्यांस विलंब न लावतां कळवावें. आमच्या घरीं हें काम धाकट्या नातवाकडे आहे. घड्याळ घेऊन तो रोज रात्रीं खंड्याशेजारीं बसतो आणि आंकडा वहींत टिपतो. काल 26 भरले.